शिंप्याची कातर : धार राखण्याचा इतिहास

इतिहासाचे व्याख्यान म्हटले की किल्ले, लढाया, सनदा आणि वंशावळी यांची अपेक्षा श्रोत्यांनी करावी, हे स्वाभाविकच आहे. आमच्या धाराशिव जिल्ह्यात या गोष्टींची वाण नाही. नळदुर्ग आणि परंडा हे दोन किल्लेच एकेका व्याख्यानमालेला पुरतील. १५४९ साली अहमदनगरास ओतलेली मुलुखमैदान तोफ परंड्याच्या किल्ल्यात होती व १६३२ साली ती विजापुरास गेली, ही हकिकत प्रसिद्धच आहे. परंतु आज आम्ही ज्या हत्याराविषयी बोलणार आहोत, त्याने कोणता किल्ला घेतला नाही की कोणाचे राज्य बुडविले नाही. ते हत्यार म्हणजे शिंप्याची कातर.

कातरीचा इतिहास म्हणजे ती प्रथम कोणी घडविली एवढाच प्रश्न नव्हे. हत्यार घडते एकदाच, पण त्याला धार लावावी लागते शेकडो वेळा. म्हणून आम्ही तीन साधे प्रश्न विचारणार आहोत. कातरीची धार कोण राखी? ती धार किती काळ राखता येई? आणि कापड कापण्याला ती निकामी झाली म्हणजे तिचे काय होई? या प्रश्नांच्या उत्तरांत आपल्या गावांचा बराचसा इतिहास दडलेला आहे, आणि त्याबरोबर आजची एक उणीवही. आमच्या शहराच्या नावातील 'धारा' धारासुराच्या कथेशी जोडतात, लोखंडाच्या धारेशी तिचा काही संबंध नाही. तरी या विषयाला धाराशिवाहून बरे गाव मिळाले नसते, एवढे विनोदाने म्हणावयास हरकत नसावी.

आरंभ तेरपासून करू. तेरणेच्या काठचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर होय, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली सिद्ध केले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अज्ञात ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या तगर नगराचा उल्लेख आहे. तेथून साधे कापड पुष्कळ, आणि नाना प्रकारची मलमल, गाड्यांवर लादून दुर्गम मुलखातून भडोचच्या बंदराकडे जात असे. तेव्हा आमचा जिल्हा कापडाच्या व्यापारात दोन हजार वर्षांचा जुना आहे. मात्र येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हे सारे कापड अखंड जाई. मागावरून ताणा तोडून घेण्यास सुरी पुरते. कापडाचे एवढे मोठे नगर कातरीवाचून सहज चालू शकते.

किंबहुना आपला जुना पोशाख बव्हंशी अखंड वस्त्रांचाच होता. धोतर, उपरणे, मुंडासे, लुगडे, घोंगडी यांपैकी एकालाही कातरीची गरज नाही. आजही तुळजापुरास भवानीमातेपुढे आपण लुगडे ठेवतो, खणानारळाने ओटी भरतो, ते वस्त्र अखंडच असते. कातर लागते ती कापडाला देहाचा आकार द्यावयाचा ठरल्यावर. अजिंठ्याच्या चित्रांत नेसलेल्या वस्त्रांबरोबर शिवलेली वस्त्रेही दिसतात, आणि अमरकोशात शिंप्याला 'तुन्नवाय' व 'सौचिक' ही दोन नावे आहेत. त्याच कोशात 'कर्तरी' हा शब्द आहे. आपली 'कातर' आणि 'कात्री' त्याच घराण्यातल्या. 'कैची' मात्र तुर्की भाषेतून आली, आणि अंगरखे, चोगे, बाराबंद्या यांच्या काळात ती आपल्याकडे स्थिरावली. एकाच हत्याराला आपल्या भाषेत दोन घराण्यांची नावे असावीत, यावरूनच शिवणकामाच्या दोन परंपरा येथे एकत्र आल्या हे दिसून येते.

शिवणकाम हळूहळू वाढले, परंतु धारेचे शास्त्र आपल्याकडे त्याच्या आधीपासून चांगले प्रगत होते. त्याचा पुरावा शिंप्याच्या घरी नसून वैद्याच्या घरी सापडतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शस्त्रांचा जो अध्याय आहे, त्यात धारेचे वर्गीकरण केलेले आहे. भेदनाच्या शस्त्राची धार मसुरेएवढी असावी, लेखनाच्या शस्त्राची त्याच्या निम्मी, शीर वेधणाऱ्या शस्त्राची केसाएवढी आणि छेदनाच्या शस्त्राची अर्ध्या केसाएवढी. शस्त्राला पाणी देण्याचे प्रकार तीन : क्षाराचे, पाण्याचे आणि तेलाचे. धार लावण्यासाठी उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा आणि धार बसविण्यासाठी सावरीच्या लाकडाची फळी सांगितली आहे. शस्त्र केस कापू लागले म्हणजे ते वापरण्यास योग्य झाले, ही तेथील कसोटी.

यातील सर्वांत मोलाची गोष्ट कोणती? तीक्ष्ण धार एकच एक असते असे सुश्रुत मानीत नाही. जसे काम तशी धार, हे तत्त्व त्याने स्पष्ट सांगितले आहे. शिंप्याच्या कातरीला हेच तत्त्व लागू पडते. वस्तऱ्यासारखी घोटलेली चकचकीत धार कातरीला दिली तर रेशीम आणि निसरडे कापड तिच्या तोंडातून पुढे सटकते. धारेवर सहाणेचा किंचित खरखरीतपणा राहिला तर ती कापड धरून ठेवते व मग कापते. ज्याने आयुष्यभर सुऱ्याच परजल्या, त्याच्या हातून कातर बिघडते, त्याचे एक कारण हे.

आता पुन्हा तेरला येऊ. तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. गोरोबांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून कोणते मडके पक्के व कोणते कच्चे याची परीक्षा घेतली, ही कथा घरोघरी माहीत आहे. त्या परीक्षेत कच्चे ठरले ते नामदेव, आणि नामदेव तर शिंप्याच्या कुळातले. शीख पंथाच्या गुरुग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत; त्यांपैकी एका पदात त्यांनी आपल्या मनाला गजाची आणि जिभेला कातरीची उपमा दिली आहे. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या शिंप्याच्या घरात गज, कातर, सुई आणि दोरा ही हत्यारे इतकी परिचयाची होती की भक्तीची भाषा त्यांतूनच घडली. कुंभार आणि शिंपी यांच्या या कथेत कारागिरांचा एक सामान्य नियमही आहे. वस्तू पक्की की कच्ची हे डोळ्यांनी कळत नाही, ती वाजवून पाहावी लागते. मडक्याचे जे, तेच पात्याचे. पाते टिचकीने वाजवून तडा ओळखणारे लोहार असतात. त्या परीक्षेला थापटणे लागत नाही, इतकेच.

कातरीला धार लावणे सुरीपेक्षा कठीण का, हे समजल्याखेरीज पुढचा इतिहास नीट कळणार नाही. म्हणून थोडे यंत्रशास्त्र श्रोत्यांनी सोसावे. सुरीला एक धार असते, आणि ती एकटीच काम करते. कातरीची दोन पाती ही एकमेकांच्या भरवशावर चालतात. चांगल्या कातरीचे पाते अगदी सरळ नसते. ते आतल्या अंगाने किंचित पोकळ व लांबीत किंचित बाकदार असते. मिटलेली कातर उजेडासमोर धरून पाहावी. पाती मध्ये एकमेकांस चिकटलेली नसतात, बारीक फट दिसते, आणि टोकाशी ती भेटतात. कातर चालू लागली म्हणजे दोन पाती एका वेळी एकाच बिंदूत एकमेकांस स्पर्श करतात, आणि तो बिंदू खिळ्यापासून टोकापर्यंत सरकत जातो. कापड कापले जाते ते त्या सरकत्या बिंदूत.

यावरून तीन गोष्टी निघतात. पहिली, धार लावावयाची ती फक्त बाहेरच्या उतारावर. आतली बाजू सहाणेवर सपाट घासली की तिची पोकळी जाते, आणि ती कातर पुन्हा पहिल्यासारखी चालत नाही. दुसरी, खिळा किंवा पेच धारेइतकाच महत्त्वाचा. तो सैल झाला की पाती दुरावतात, कापड त्यांच्यामध्ये दुमडते, आणि आपण म्हणतो, 'कातर कापड चावते.' अशा वेळी पुष्कळदा धार ठीक असते, दोष खिळ्याचा असतो. तिसरी, फिरत्या सहाणेवर पाते तापू देता कामा नये. पोलादाला उष्णता लागली की प्रथम ते गवताच्या रंगाचे होते, आणि सुमारे ३०० अंश सेल्सिअसला निळे पडते. निळे पडलेल्या जागचे पाणी उतरले असे समजावे. तेथे धार लागते, पण टिकत नाही. जुने कारागीर पाते वरचेवर पाण्यात बुडवीत, त्याचे कारण हेच. इंग्लंडात शेफील्ड येथे कातरीची दोन पाती जुळविणाऱ्या कारागिराला 'पुटर', म्हणजे जुळविणारा, असे स्वतंत्र नाव आहे. घडविणाऱ्याहून जुळविणाऱ्याची विद्या वेगळी मानली गेली, ती उगाच नव्हे.

आपल्याकडे ही विद्या कोणाकडे होती? ती एका हाती नव्हती. तिची एक साखळी होती. साखळीचे पहिले टोक गावच्या लोहाराकडे. बलुतेदारीत लोहाराचे स्थान पक्के होते, पण त्याचे बलुते शेतकऱ्याच्या खळ्यावरून येई, आणि ते नांगराच्या फाळासाठी, कुळवाच्या पाशीसाठी, विळ्याखुरप्यासाठी. शिंपी काही याद्यांत अलुतेदारांत मोडतो. तेव्हा त्याच्या नाजूक कातरीकडे लोहाराचे लक्ष दुय्यमच राहणार. गावोगाव फिरणारे घिसाडी वेशीबाहेर पाल ठोकून भाता पेटवीत. त्यांच्याकडेही खुरपी-विळ्यांचीच रीघ. 'घिसाडघाई' हा शब्द त्यांच्या नावाशी जोडला जातो, पण ज्यांनी त्यांना तापलेल्या लोखंडावर घण घालताना पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की त्या कामात घाई लोखंडाची असते, माणसाची नसते. लोखंड लाल आहे तोवरच घाव बसतो.

कातरीचा खरा कैवारी म्हणजे शिकलगार. फारसीत 'सैकल' म्हणजे झिलई, आणि ती करणारा तो सैकलगर. मुळात हा शस्त्रांचा कारागीर. तलवारीचा गंज काढावा, पाते उजळावे, धार बसवावी, हे त्याचे काम. जेथे किल्ला तेथे शिलेखाना, आणि जेथे शिलेखाना तेथे शिकलगार हवाच. परंडा-नळदुर्गासारख्या ठाण्यांच्या मुलखात ही विद्या का रुजली असावी, हे निराळे सांगावयास नको. तलवारींचे दिवस संपले तेव्हा त्याचे चाक थांबले नाही. ते वस्तरा, सुरी, अडकित्ता आणि कातर यांच्याकडे वळले. शस्त्राकडून संसाराकडे झालेला हा प्रवास आमच्या मते आपल्या सामाजिक इतिहासातील एक सुंदर घटना आहे, परंतु बखरीत तिला जागा मिळाली नाही.

शिकलगाराची सहाणही पाहण्यासारखी. कुरुंदाची पूड लाखेत कालवून तिचे चाक बनवीत. कुरुंद हा हिऱ्याखालोखाल कठीण असा खनिज दगड. युरोपच्या शास्त्रज्ञांनी त्याला 'कोरंडम' हे जे नाव दिले, ते तमिळ शब्दावरून घेतले आहे, आणि संस्कृतातला 'कुरुविंद' त्याच कुळातला. म्हणजे धार लावण्याच्या दगडाचे नाव जगाने आपल्याकडून उचलले. पोलादाचेही तसेच. आमचा जिल्हा १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याच संस्थानात कोनसमुद्रम नावाचे गाव आहे. तेथे मुशीत गाळलेले पोलाद निघे, आणि त्यासाठी इराणचे व्यापारी येत. हेन्री व्हॉयझी याने ती कृती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पाहून लिहून ठेवली. त्याच सुमारास लंडनमधील हत्यारे बनविणारा जेम्स स्टोडार्ट हिंदी पोलादाची पाती विकीत असे, आणि मायकेल फॅरडेसारख्या शास्त्रज्ञाने त्याच्यासह या पोलादावर प्रयोग केले. पोलाद आपले, सहाण आपली, झिलईची विद्या आपली. आणि तरीसुद्धा पुढे शिंप्याच्या हाती विलायती कातर आली. हे कसे झाले?

उत्तर रेल्वे आणि गिरणी यांत आहे. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली, आणि १९११ पर्यंत ती येडशी-ढोकीवरून लातूरपर्यंत पोहोचली. सोलापुरात १८७७ पासून कापडाची गिरणी होतीच. गिरणीचे कापड स्वस्त, रुंद आणि एकसारखे. ते शिवून वापरण्यास सोयीचे. त्यापाठोपाठ शिलाईचे यंत्र आले. सिंगरचे पेटंट १८५१ चे. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगने 'उषा' यंत्र १९३६ साली काढले. यंत्रांचे टीकाकार असलेल्या महात्मा गांधींनीसुद्धा १९२४ साली शिलाईयंत्राला अपवाद म्हणून मान्यता दिली होती, हे श्रोत्यांना आठवत असेल. या यंत्राने टाका वेगाने पडू लागला. कापणे मात्र हातीच राहिले. पूर्वी शिंपी एक अंगरखा बेतून चार दिवस सुई चालवीत बसे. आता सकाळी बेतलेले कपडे संध्याकाळी तयार होऊ लागले. कातरीवरचा भार कैक पटींनी वाढला, पण तिची धार राखणाऱ्या माणसांची संख्या काही वाढली नाही. शिवणाऱ्या हातांचा वेग आणि धार लावणाऱ्या हातांचा वेग यांत येथे प्रथम अंतर पडले.

या नव्या भारासाठी शेफील्डच्या आणि जर्मनीतील झोलिंगेनच्या जड कातरी आल्या. पण देशी कारागीर हरला असे मात्र कोणी समजू नये. उत्तरेत मेरठ येथे कातरीचा धंदा तीन शतकांहून जुना आहे, आणि २०१३ साली मेरठच्या कातरीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या कातरीचे वैशिष्ट्य आमच्या विषयाच्या अगदी मर्माशी जाऊन भिडते. तिची पाती मोडीत निघालेल्या मोटारींच्या पोलादातून घडवितात, आणि मुठी मोडक्या भांड्यांच्या पितळेतून वा तत्सम मिश्रधातूतून ओततात. तिचा पेच उघडता येतो, पाती पुनःपुन्हा सहाणेवर चढविता येतात. आजोबाने घ्यावी आणि नातवाने वापरावी, अशी म्हणच तिच्याविषयी आहे. मोडीतून जन्मलेले हे हत्यार तीन पिढ्या पुरते, ते धार लावणारा जवळ असल्यामुळे.

धार राखण्याचा निम्मा भाग धार लावणाऱ्याकडे असतो, उरलेला वापरणाऱ्याकडे. आपल्या घरांतून कातरीविषयी जे विधिनिषेध चालत आले, ते आम्ही निव्वळ अंधश्रद्धा मानीत नाही. रिकामी कातर चालवू नये, घरात भांडण होते, असे आजी सांगते. भांडण होवो न होवो, मध्ये कापड नसता कोरडी पाती एकमेकांवर घासतात हे खरे. कातर हातात हात देऊन देऊ नये, खाली ठेवावी, दुसऱ्याने उचलावी. हातातून निसटलेली कातर टोकावर पडते, टोक वाकते, आणि दोन पात्यांची जुळणी बिघडते, हे कोणीही शिंपी सांगेल. खंडेनवमीला हत्यारे घासून-पुसून, तेल लावून पुजतात. तुळजापूरच्या नवरात्राचा गजर ज्यांच्या कानी पडतो, त्या आपल्या गावांतून तरी कातरीला वर्षातून एकदा तेल मिळणार, अशी ही व्यवस्था धर्माने करून ठेवली आहे. पाऊसकाळ संपून आश्विन उजाडला, म्हणजे गंजाचा हिशेब करण्याची हीच वेळ.

कापडाच्या कातरीने कागद कापू नये, या नियमालाही शास्त्र आहे. कागद गुळगुळीत व्हावा म्हणून त्यात चिनी माती किंवा चुनखडीची भुकटी घालतात. ती धारेला सहाणेसारखी खाते. गिरणीच्या कापडालाही खळ देताना चिनी माती घालीत; म्हणून कोरे कापड धुऊन मग बेतावे, यात कापड आटण्याच्या काळजीबरोबर कातरीचीही काळजी आली. पुढे साठनंतरच्या दशकांत टेरिलीन व टेरीकॉट आले. या कृत्रिम धाग्याची चकाकी मारण्यासाठी त्यात टायटॅनियमची पांढरी भुकटी मिसळतात, आणि तीही कठीण असते. लोकांना न चुरगळणारे कापड मिळाले, त्याची किंमत कातरीच्या धारेने मोजली. गावाकडे धारवाला येईपर्यंत बाटलीच्या गळ्यावर वा जाड सुईवर कातर चालविण्याचा जो उपाय करतात, त्याने धारेवरची कुसळे बाजूला सरतात आणि चार दिवस काम भागते. तो उपास मोडण्यापुरता फराळ आहे. त्याला जेवण म्हणता येणार नाही.

आता तिसरा प्रश्न, निकामी झालेल्या कातरीचा. प्रत्येक सहाणेला पाते थोडे झिजते, हे अटळ आहे. परंतु जुन्या घरांत कातर एकदम निकामी होत नसे, तिची पायरी उतरत जाई. नवी असता खण आणि रेशीम, कारण चोळीच्या खणाला वाया घालविण्यास बोटभर कापड नसते, तेथे चुकलेली कातर म्हणजे दुसरा खण. मग सुती कापड. मग कॅनव्हास आणि अस्तर. मग कागद, सुतळी, चामडे. शेवटी खिळा काढला की दोन पाती मोकळी होतात. एकाचे उसवण्याचे साधन होते, दुसऱ्याचे घरातले चाकूपाते. त्याहून खाली गेले तर लोहाराच्या भट्टीत. कानशीचे पाते होते, पात्याची आर होते, पोलाद फुकट जात नाही. आपल्या कळंब, भूम, वाशी भागातून दरसाल ऊसतोडीला जाणारी कुटुंबे जो कोयता नेतात, तोही पुष्कळदा मोटारीच्या कमानपाट्याचाच असतो. मेरठच्या कातरीतले आणि या कोयत्यातले पोलाद एकाच जातीचे. एक कापड कापते, एक ऊस. दोन्ही मोडीतून आलेली, आणि दोन्हींना सहाण हवी.

श्रोतेहो, येथवरच्या कथेतून आम्हाला काय म्हणावयाचे आहे ते आता सांगतो. धार ही विकत घेण्याची वस्तू नाही. ती माणसांनी एकमेकांसाठी राखावयाची गोष्ट आहे. लोहार, शिकलगार, शिंपी आणि घरची बाई या साखळीत ती वर्षानुवर्षे टिकली. आज त्या साखळीतले दोन दुवे शाबूत आहेत. शिवणारे हात पूर्वीपेक्षा अधिक आहेत, बचतगटांतून, घरांतून, दुकानांतून यंत्रे चालू आहेत, आणि शिवणकामाचे शिक्षणही मिळते. लोहारही अजून गावोगाव आढळतो. मधला दुवा मात्र निखळत चालला आहे. सायकल उभी करून, तिच्या चाकाने सहाण फिरविणारा धारवाला पूर्वी आळीआळीतून हाक देत जाई. ती हाक आता विरळ झाली. उलट बाजारात ज्या स्वस्त कातरी मिळतात, त्यांची पाती कायमच्या खिळ्याने जडविलेली आणि मुठी प्लास्टिकच्या. त्यांचा पेच उघडत नाही, म्हणून त्या दुरुस्त होत नाहीत, आणि म्हणून त्या टाकून द्याव्या लागतात.

यात नुकसान कोणाचे? श्रीमंत दुकानदार नवी कातर घेईल. नुकसान त्या बाईचे, जिने कर्ज काढून यंत्र घेतले, चार घरचे झंपर शिवून जी संसाराला हातभार लावते, आणि जिची कातर महिन्याभरात कापड चावू लागते. कापड वाकडे कापले गेले म्हणजे शिलाई वाकडी, शिलाई वाकडी म्हणजे गिऱ्हाईक तुटले. तिला वाटते आपलाच हात बसला नाही. वस्तुतः तिच्या हातात दोष नसतो. खिळा सैल असतो, किंवा कोणी पाते आतून घासून दिलेले असते. हे तिला सांगणारा माणूस जवळपास उरलेला नाही.

१७ सप्टेंबर हा आपला मराठवाडा मुक्तिदिन. २०२३ साली त्याच तारखेला केंद्र सरकारने कारागिरांसाठी विश्वकर्मा योजना सुरू केली. तीत अठरा व्यवसाय आहेत. जुन्या अठरा अलुतेदारांची आठवण व्हावी असाच हा आकडा. त्या अठरांत दर्जी आहे, लोहार आहे, हत्यारांचे संच बनविणारा आहे. योजनेविषयी आमची तक्रार नाही. आमचे म्हणणे एवढेच की त्या यादीत धार लावणाऱ्याचे स्वतंत्र नाव नाही. कापणारा आणि घडविणारा यांची आठवण राहिली, पण राखणाऱ्याची राहिली नाही. हा दोष सरकारचा म्हणण्यापेक्षा आपणा सर्वांच्या नजरेचा म्हणणे अधिक योग्य होईल, कारण बखरकारांनीही तेच केले होते.

उपाय फार मोठा नाही. जिल्ह्यात आठ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्याच्या गावी आठवडी बाजारात एक पाण्याची सहाण, एक जाणता माणूस आणि त्याच्या हाताखाली शिकणारी दोन मुले किंवा मुली, एवढे जमले तरी पुष्कळ झाले. जेथे शिवणवर्ग चालतात तेथे पहिल्याच आठवड्यात कातर खोलून दाखवावी. बाहेरचा उतार कोणता, आतली पोकळी कोणती, खिळा किती घट्ट असावा, हे हाताने कळू द्यावे. कातर उघडून एक मूठ सोडली असता पाते आपल्या भाराने थोडे खाली यावे आणि मध्येच थांबावे. धडाधड मिटले तर खिळा सैल, मुळीच हलले नाही तर फार घट्ट. ओले पातळ फडके टोकापर्यंत एका झटक्यात कापले गेले, तर धार ठीक. या दोन परीक्षा शिकविण्यास अर्धा तास पुरतो. आणि नवी कातर घेताना गिऱ्हाइकाने एकच प्रश्न विचारावा : हिचा पेच उघडतो का?

येत्या खंडेनवमीला आपल्या घरी हत्यारांची पूजा होईल तेव्हा कातरीला हळदकुंकू वाहण्याआधी तिचा खिळा तपासावा, सांधीतली सुताची कुसळे काढावी, यंत्राच्या तेलाचा एक थेंब तेथे सोडावा, आणि गावात धार लावणारा कोणी उरला असेल तर त्याच्या हाती ती एकदा द्यावी. ज्या तगराचे कापड दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापार गेले, त्या मुलखातल्या शिवणाऱ्या हातांना धार लावून देणारा माणूस परगावाहून बोलवावा लागू नये, इतकीच आमची इच्छा आहे.